प्रवासाचा कल्पनाबंध : मिसिसिपीवरील तराफा आणि जेऊरची वाट

१. प्रश्नाचे स्वरूप

कथात्म साहित्यात काही घटना देशकालाची मर्यादा ओलांडून पुनःपुन्हा अवतरतात. कोणी एक घर सोडतो, वाटेत त्याला माणसे भेटतात, संकटे येतात, आणि अखेरीस तो कोठेतरी पोहोचतो किंवा वाटेतच राहतो. अशा पुनरावर्ती घटनासूत्रास लोकसाहित्याच्या अभ्यासात ‘कल्पनाबंध’ म्हणतात. प्रवास हा अशा कल्पनाबंधांपैकी बहुधा सर्वांत प्राचीन होय. आधुनिक अमेरिकन कादंबरीत तर त्याला इतके महत्त्वाचे स्थान आहे की, ते साहित्य शिकविताना ‘प्रवास म्हणजे स्वातंत्र्य’ असे एक समीकरणच वर्गात मांडले जाते. हे समीकरण कितपत खरे आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आणि त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर या गावाशी निगडित असलेली एक मराठी कथा कसोटी म्हणून घेतली आहे.

आरंभी शब्दांचा थोडा विचार केला पाहिजे. मराठीत ‘प्रवास’ म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणे. संस्कृतात मात्र ‘प्र’ आणि ‘वस्’ यांपासून झालेल्या या शब्दाचा अर्थ घरापासून दूर राहणे असा आहे. ज्या नायिकेचा पती दूरदेशी आहे तिला ‘प्रोषितभर्तृका’ म्हणतात, त्यातही हाच धातू आहे. ‘वारी’ या शब्दात जाण्याइतकेच परत येणेही गृहीत असते. फारसीतून आलेल्या ‘परागंदा’ या शब्दात पांगापांग आहे, परतणे नाही. एकाच शारीरिक क्रियेला भाषा अशी निरनिराळी नावे देते. आणि कोणते नाव द्यावयाचे हे चालणाऱ्याने ठरविलेले नसते, ते बहुधा त्याच्याकडे पाहणाऱ्या समाजाने ठरविलेले असते.

क्रियापदांत हा भेद अधिकच स्पष्ट होतो. ‘ती गेली’, ‘ती पळाली’, ‘तिला पळवून नेले’ या तीन वाक्यांत घटना एकच असू शकेल. पहिल्या दोन वाक्यांत ती कर्ता आहे. तिसऱ्यात ती कर्म झाली आणि कर्ता दुसराच कोणी ठरला. पहिल्या वाक्यात दोष नाही, दुसऱ्यात आहे, तिसऱ्यात तर गुन्हा आहे. प्रवासाच्या कथेचा अर्थ लावताना दोन प्रश्न विचारावे लागतात. या प्रवासाचा कर्ता कोण, आणि ज्याला ‘पोहोचणे’ म्हणतात ती क्रिया त्याच्या बाबतीत पूर्ण होते काय?

रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अद्भुतकथेतील घटकांची एकतीस कार्ये सांगितली. नायकाचे प्रस्थान, परतीच्या वाटेवरील पाठलाग, पाठलागातून सुटका आणि सर्वांत शेवटी विवाह, असा त्यांचा क्रम आहे. हा क्रम ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होईल.

२. एक तराफा, दोन प्रवास

अमेरिकन मनात प्रवासाला एवढे मोल का आले, याची कारणे इतिहासात आहेत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पश्चिमेकडे जाऊन जमीन कसणाऱ्यास १६० एकर भूमी मिळण्याची सोय झाली. १८९० च्या जनगणनेनंतर वसाहतीची सरहद्द संपल्याचे जाहीर झाले. तेव्हा फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने १८९३ साली असा सिद्धांत मांडला की, अमेरिकन स्वभाव या सरकत्या सरहद्दीनेच घडविला आहे. मागचे गाव नकोसे झाले तर पुढे मोकळी जमीन आहे, ही भावना कादंबरीत उतरणे स्वाभाविक होते. ती जमीन आधीपासून तेथे राहणाऱ्या आदिवासींसाठी मोकळी नव्हती, ही गोष्ट त्या भावनेत झाकली गेली.

मार्क ट्वेन यांची ‘ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन’ (१८८४) ही या परंपरेतील मूळ कृती मानली जाते. दारुड्या बापाच्या तावडीतून सुटलेला हक हा मुलगा आणि गुलामीतून निसटलेला जिम हे दोघे एका तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून खाली जातात. भाषेच्या अभ्यासकास या कादंबरीचे प्रास्ताविक टिपणच लक्षणीय वाटते. तीत अनेक बोली वापरल्या असून त्यांतील भेद जाणीवपूर्वक राखले आहेत, असे लेखकाने तेथे बजावले आहे.

या तराफ्यावर वस्तुतः दोन प्रवास चालले आहेत. हक भटकतो आहे, जिम पळतो आहे. हकला कोठे पोहोचावयाचे हे ठरलेले नाही, म्हणून त्याला नदी सुखावते. जिमला कैरो या गावी पोहोचावयाचे आहे. तेथे ओहायो नदी मिळते आणि तिच्या आधाराने गुलामी नसलेल्या राज्यांत जाता येते. धुक्यात कैरो मागे पडते आणि तराफा दक्षिणेकडे, म्हणजे गुलामी अधिक कठोर असलेल्या मुलखात, वाहत जातो. हकच्या दृष्टीने ही वाटेतील एक चूक आहे, जिमच्या दृष्टीने सर्वनाश.

हकची व्यथा वेगळीच आहे. जिम पळाला असे त्याला वाटत नाही. आपण मिस वॉटसन यांची मालमत्ता चोरली, असे त्याला वाटते. त्याच्या समाजाच्या व्याकरणात जिम हा कर्ता होऊच शकत नाही. त्याला कोणीतरी नेलेले असले पाहिजे. अखेरीस जिम मुक्त होतो तोही प्रवासाने नव्हे. मिस वॉटसन यांनी मृत्युपत्रात त्याला मोकळे केले होते, हे कळते. इतका दीर्घ जलप्रवास जिमला मुक्ती देऊ शकला नाही. हक मात्र कथा संपताना आणखी पश्चिमेकडे निघून जाण्याचा मनोदय बोलून दाखवितो. ‘प्रवास म्हणजे स्वातंत्र्य’ हे समीकरण तराफ्याच्या एकाच बाजूस लागू पडते.

३. रस्ता आणि त्यावरील नावे

विसाव्या शतकात नदीची जागा रस्त्याने घेतली. जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ (१९३९) या कादंबरीत ओक्लाहोमा राज्यातील जोड हे शेतकरी कुटुंब धुळीची वादळे, कर्ज आणि ट्रॅक्टर यांमुळे जमिनीवरून उखडले जाते आणि ६६ क्रमांकाच्या महामार्गाने कॅलिफोर्नियाकडे निघते. आजोबा वाटेत दगावतात, आजी वाळवंट ओलांडताना जाते. हे कुटुंब निघाले असे म्हणण्यापेक्षा काढले गेले असे म्हणणे युक्त ठरेल. पुढे त्यांना जो शब्द भेटतो तो अधिक बोलका आहे. ‘ओकी’ म्हणजे मुळात केवळ ओक्लाहोमाचा रहिवासी; कॅलिफोर्नियात तीच शिवी झाली. माणूस शेकडो मैल पुढे गेला, पण त्याच्या आधी त्याचे नाव तेथे पोहोचले होते.

जॅक केरुआक यांची ‘ऑन द रोड’ (१९५७) याच्या दुसऱ्या टोकास आहे. सॅल पॅरडाइज आणि डीन मॉरिआर्टी हे तरुण मोटारीने देश पालथा घालतात. जाणे हेच त्यांचे प्रयोजन असते. १९५१ च्या एप्रिलमध्ये लेखकाने हिचा एक खर्डा कागदाच्या लांबच लांब गुंडाळीवर टंकलिखित केला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. येथे ‘जाणे’ हे क्रियापद शुद्ध रूपात येते, त्यामागे भय नाही आणि पुढे मुक्कामाची सक्ती नाही.

ज्या काळी हे तरुण रस्त्यावर होते, त्याच काळी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून काढलेली ‘द नीग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका कृष्णवर्णीय प्रवाशांच्या हाती होती. कोणत्या गावी उतरता येईल, कोणती खाणावळ अन्न देईल, कोणता पंप तेल देईल, याची यादी तीत असे. रस्ता तोच, मोटारही तशीच. परंतु एकाच्या खिशात नकाशा पुरत असे, दुसऱ्यास ही यादीही लागत असे.

४. पाठलाग करणारा भूतकाळ

आफ्रिकी-अमेरिकन कादंबरीकारांनी याच अनुभवातून या कल्पनाबंधाची फेरमांडणी केली. साधारणतः १९१० ते १९७० या काळात दक्षिणेकडील सुमारे साठ लक्ष कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडे व पश्चिमेकडे गेले. टोनी मॉरिसन यांच्या ‘साँग ऑफ सॉलोमन’ (१९७७) या कादंबरीचा नायक मिल्कमन याच्या उलट दिशेने, मिशिगनहून पेनसिल्व्हेनियात आणि तेथून व्हर्जिनियात जातो. सोन्याच्या आशेने निघालेल्या त्याला तेथे मुलांच्या खेळातील एक गाणे ऐकू येते आणि त्या गाण्यात आपल्या पूर्वजांची नावे आहेत, असा उलगडा होतो. गुलामी संपल्यावर एका दारुड्या कारकुनाने नोंदीत चूक केल्यामुळे या घराण्याचे आडनाव ‘डेड’, म्हणजे ‘मृत’, असे पडले होते. म्हणजे नोंदवहीने जे नाव पुसले ते लोकगीताने राखले. या प्रवासाचे फलित भाषिक आहे.

मॉरिसन यांच्याच ‘बिलव्हेड’ (१९८७) मध्ये सेथ ही स्त्री केंटकीतील मळ्यातून पळते, वाटेत बाळंत होते, ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीस पोहोचते. तेथे तिला अठ्ठावीस दिवस मिळतात. त्यानंतर मळ्याचा मालक माणसे घेऊन अंगणात येतो आणि मुले परत गुलामीत जाऊ नयेत म्हणून सेथ स्वतःच्या मुलीचा जीव घेते. १८५६ साली मार्गारेट गार्नर या स्त्रीच्या बाबतीत घडलेली घटना या कथेच्या मुळाशी आहे. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामांना मुक्त राज्यांतूनही पकडून नेण्याचा अधिकार मालकांना मिळाला होता. नदी ओलांडली तरी कायदा ओलांडला जात नव्हता. ‘पोहोचणे’ ही क्रिया येथे पूर्ण झाल्यासारखी वाटते आणि अठ्ठावीस दिवसांनी अपूर्ण ठरते.

कोल्सन व्हाइटहेड यांच्या ‘द अंडरग्राउंड रेलरोड’ (२०१६) मध्ये कोरा ही तरुणी जॉर्जियातून पळते. पळालेल्या गुलामांना गुप्तपणे साहाय्य करणाऱ्यांच्या जाळ्यास इतिहासात ‘भूमिगत रेल्वे’ असे आलंकारिक नाव होते; या कादंबरीत खरोखरच जमिनीखालून आगगाडी धावते. प्रत्येक स्थानकावर नवे राज्य, प्रत्येक राज्यात दास्याचे वेगळे रूप, आणि मागे रिजवे हा गुलाम पकडणारा. याच वर्षी महाराष्ट्रात आणखी एका पलायनाची कथा लोकांसमोर आली. तिच्याकडे वळण्यापूर्वी मराठी परंपरेतील प्रवास थोडक्यात पाहिला पाहिजे.

५. मराठी वाट

मराठी कादंबरीचा आरंभच प्रवासाने झाला आहे. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मध्ये यमुना पतीसमवेत प्रवास करते आणि ठिकठिकाणी विधवांच्या दुःखाच्या हकीकती तिच्या कानी पडतात. येथे प्रवास हे समाजदर्शनाचे साधन आहे. दुसरी परंपरा वारीची. दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४) हे पुस्तक या परंपरेकडे आधुनिक लेखकाच्या दृष्टीने पाहते. वारीत मुक्काम ठरलेला, वाट ठरलेली, परतणेही ठरलेले असते. अमेरिकन रस्त्याचा अनिश्चितपणा तीत नाही.

तिसरी परंपरा जातीच्या अनुभवाची, आणि प्रस्तुत विषयास तीच सर्वांत निकटची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून गोरेगावास केलेल्या प्रवासाचे वर्णन केले आहे. वडिलांना भेटण्यास निघालेली ही मुले मसूर स्थानकावर उतरली. त्यांचे नीटनेटके कपडे पाहून आरंभी कोणास संशय आला नाही. जात विचारल्यावर स्थानकप्रमुखाचा चेहरा पालटला. कोणी गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेरीस दुप्पट भाड्याच्या बोलीवर, गाडी मुलांनी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे, अशी तोड निघाली. या प्रसंगाचे मर्म असे की, आगगाडीच्या डब्यात जो प्रश्न कोणी विचारला नाही तो फलाटावर विचारला गेला. यंत्राने अंतर कापले, ओळख कापली नाही. आठवणींच्या शीर्षकातील ‘व्हिसा’ हा शब्दही त्यामुळे सार्थ वाटतो; स्वतःच्याच देशात ज्याला परवाना लागतो, त्याचा हा प्रवास आहे.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनात कैकाडी कुटुंब गाढवांच्या पाठीवर संसार लादून गावोगाव फिरते. भटकणे हा येथे छंद नाही. कोणत्याही गावात राहू न देणे हीच त्या भटकण्याची दुसरी बाजू आहे. केरुआक यांच्या नायकांना जे स्वातंत्र्य वाटते तेच येथे शिक्षा म्हणून येते.

६. जेऊर आणि ‘सैराट’

जेऊर हे करमाळा तालुक्यातील गाव पुणे–सोलापूर लोहमार्गावर आहे आणि करमाळ्याकडे जाणारे उतारू येथे उतरतात. हा लोहमार्ग १८६० साली सोलापुरास पोहोचला, १८७१ साली रायचूर येथे मद्रासकडील मार्गास मिळाला, आणि १८७४ साली वाडीपासून सिकंदराबादेस फाटा गेला. तेव्हापासून या कोरडवाहू मुलखातील माणसास एका बाजूस मुंबई आणि दुसऱ्या बाजूस हैदराबाद अशी दोन मोठी शहरे रुळांनी जोडली गेली. तालुक्याच्या कडेने उजनी जलाशयाचे पाणी पसरले आहे. ऊस, मासेमारी आणि स्थलांतर ही तिन्ही येथे शेजारी शेजारी नांदतात.

कवी आणि चित्रपट-दिग्दर्शक नागराज मंजुळे हे या जेऊरचे. त्यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाचे शीर्षकच भाषेच्या अभ्यासकास थांबविते. हा कैकाडी शब्द असून त्याचा अर्थ डुक्कर. तमिळमधील ‘पन्रि’, तेलुगूतील ‘पंदि’ आणि कन्नडमधील ‘हंदि’ हे त्याचे सगोत्र शब्द होत. मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या समाजाने आपल्या द्राविडी बोलीतील हा शब्द जपला. त्या समाजाच्या जुन्या वाटचालीचा तो पुरावाच होय. आणि चित्रपटात हाच शब्द जब्या या मुलाच्या अंगावर शिवीसारखा फेकला जातो. ‘ओकी’ या शब्दाचे जे झाले तेच येथे ‘फँड्री’चे झाले. जब्याला या गावातून कोठेही जाता येत नाही. त्याच्या हातून शेवटी केवळ एक दगड सुटतो.

‘सैराट’ (२०१६) मध्ये मात्र प्रवास घडतो. शीर्षकाच्या शब्दात मोकाट, अनिर्बंध, बेभान अशा अर्थच्छटा आहेत. बिटरगावच्या बड्या पाटलाची मुलगी आर्ची आणि खालची मानली गेलेली जात व मासेमारीचा धंदा असलेल्या घरातील परशा यांचे प्रेम जमते. ते उघडकीस येते. दोघे मित्रांच्या साहाय्याने निघतात, पकडले जातात. पोलीस ठाण्यात परशावर व त्याच्या मित्रांवर अत्याचाराचा खोटा आरोप ठेवण्याचा घाट घातला जातो आणि आर्ची तो हाणून पाडते. पुढे माणसे मागे लागली असता तीच पिस्तूल चालविते आणि दोघे आगगाडी गाठून हैदराबादेस जातात.

व्याकरणाचा जो प्रश्न आरंभी मांडला तो येथे प्रत्यक्ष उभा राहतो. ‘तिला पळवून नेले’ हे वाक्य आर्चीच्या घरच्यांना हवे आहे, कारण त्यात ती कर्म राहते आणि घराची अब्रू कोणीतरी चोरलेली वस्तू ठरते. मिस वॉटसन यांच्या गावास जिमबद्दल असेच वाक्य हवे होते. बुलेट व ट्रॅक्टर चालविणारी आर्ची प्रत्येक प्रसंगी हे वाक्य मोडते आणि ‘मी गेले’ असे कृतीने म्हणते. तिच्या घरच्यांचा राग परशाच्या जातीवर आहेच. पण आपली मुलगी कर्ता झाली, याचाही तो राग आहे.

७. बोलीचा प्रवास

या कथेतील प्रवास भाषेच्या अंगाने पाहिला म्हणजे तिचा उत्तरार्ध नीट उलगडतो. गावात आर्चीचे सामर्थ्य तिच्या बोलीत आहे. करमाळ्याकडची ठसकेबाज मराठी ती अधिकाराने वापरते, कारण त्या बोलीमागे वडिलांची जमीन, सत्ता आणि आडनाव उभे आहे. हैदराबादेत उतरताच ही बोली निरुपयोगी ठरते. झोपडवस्तीत त्यांना आसरा देणाऱ्या सुमनअक्काच्या आधाराने संसार सुरू होतो. परशा डोशाच्या गाडीवर काम करतो, आर्ची कारखान्यात. ती तेलुगू शिकते. ज्या मुलीने कधी कोणापुढे शब्द गिळला नाही ती आता परभाषेचे शब्द एकेक करून गोळा करते. वर्गीय उतरण आणि भाषिक उतरण येथे एकाच वेळी घडते. आणि तेथूनच, स्वकष्टाने, नवी चढणही सुरू होते.

मध्येच संशयावरून भांडण होते आणि आर्ची परतीची गाडी पकडते, पण वाटेतून मागे फिरते. हा प्रसंग लहान असला तरी कल्पनाबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पहिल्या वेळी ती मागे लागलेल्या माणसांमुळे पळाली होती. या वेळी मागे कोणी नाही. परत यावयाचे हे तिने एकटीने ठरविले. म्हणून हैदराबाद हे तिचे खरे ‘पोहोचणे’ या दुसऱ्या वेळी घडते. पुढे नोंदणी विवाह होतो, मूल होते, घराची स्वप्ने सुरू होतात.

अशा वेळी ती आईस दूरध्वनी करते. इतक्या वर्षांच्या परभाषेनंतरचा हा मायबोलीतील संवाद आहे. त्यानंतर काही काळाने भाऊ व नातलग भेटवस्तू घेऊन दारी येतात. दूरध्वनी आणि आगमन यांचा संबंध कथा शब्दांत सांगत नाही. परंतु त्यांचा क्रम पाहता तो प्रेक्षकाच्या मनात जुळतोच. पाहुण्यांसाठी चहा होतो. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते तेव्हा आईबाप रक्ताच्या थारोळ्यात पडलेले असतात. मूल रडत बाहेर पडते. ध्वनी थांबलेला असतो आणि जमिनीवर त्याची रक्ताची पावले उमटत जातात.

हा शेवट अनपेक्षित, किंबहुना वरून जोडलेला आहे, असे काहींना वाटण्याचा संभव आहे. प्रॉप यांच्या क्रमाची येथे आठवण करावी. अद्भुतकथेत पाठलाग आधी, सुटका नंतर आणि विवाह शेवटी. ‘सैराट’मध्ये पाठलाग, सुटका, विवाह हा क्रम पूर्ण होतो, प्रेक्षक निःश्वास टाकतो, आणि मग पाठलागाचे कार्य पुन्हा येते. कथा जेथे संपावयास हवी होती तेथे समाजाने ती संपू दिली नाही, हाच या रचनेचा अर्थ. ‘बिलव्हेड’मधील अठ्ठावीस दिवस आणि हैदराबादेतील ती वर्षे यांची जात एकच आहे. दोन्ही ठिकाणी निवारा खरा असतो, आणि दोन्ही ठिकाणी अंगणात माणसे येतात.

भेदही सांगितला पाहिजे. सेथचा पाठलाग करणाऱ्यांच्या हाती कायदा होता. आर्चीच्या भावाच्या हाती तो नाही. भारतात अस्पृश्यता संविधानाने नष्ट केली आहे, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने प्रौढ स्त्रीपुरुषांना जातधर्मनिरपेक्ष विवाहाची मुभा दिली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्तिवाहिनी खटल्याच्या निकालात अशा विवाहांत जमावाने वा पंचायतीने हस्तक्षेप करणे बेकायदेशीर असल्याचे स्पष्ट केले आहे. म्हणून येथे मारेकरी बंदुका रोखून येत नाहीत, आईने पाठविलेल्या भेटी घेऊन येतात. गुलाम पकडणाऱ्यास परका म्हणून ओळखता येत होते आणि दार लावून घेता येत होते. भावास दार उघडावेच लागते. नाते हाच येथे पाठलागाचा मार्ग झाला आहे, आणि या कथेचे भय त्यातच आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. प्रवासाचा कल्पनाबंध एकच असला तरी त्याचे किमान दोन व्याकरणप्रकार मानावे लागतात. एकात कर्ता निःशंक आहे आणि मुक्काम गौण आहे. हक व केरुआक यांचे नायक या प्रकारात येतात. दुसऱ्यात कर्तेपण हेच वादग्रस्त आहे आणि पोहोचणे सदैव अपूर्ण राहण्याचे भय आहे. जिम, सेथ, कोरा, मसूरच्या फलाटावरील मुले आणि आर्ची–परशा या प्रकारात येतात. ही विभागणी देशानुसार होत नाही. ती एकाच देशात, एकाच रस्त्यावर, एकाच तराफ्यावरही होते.

दुसरे असे की, हा भेद ओळखण्याची खूण पुष्कळदा भाषेत सापडते. प्रवाशास नवे गाव कोणत्या नावाने हाक मारते, त्याची बोली तेथे चालते काय, आणि त्याच्या जाण्यास घर कोणते क्रियापद वापरते, हे पाहिले म्हणजे कथेचे अंतरंग उलगडू लागते. ‘सैराट’चे हिंदी रूपांतर ‘धडक’ (२०१८) उदयपुराहून कोलकात्यास जाते. त्यात अंतर वाढले आहे, पण जातीचा उच्चार क्षीण झाला आहे, आणि शेवटही बदलून नायिका जिवंत राहते. मूळ कथेत पाठलाग जातीमुळे होता. तीच अस्पष्ट झाल्यावर प्रवासाची धारही बोथट झाली, असे म्हणावे लागते.

तिसरी गोष्ट अध्यापनाची. करमाळा, माढा, परांडा यांसारख्या तालुक्यांतून पुण्यास वा सोलापुरास शिकावयास येणारे विद्यार्थी अमेरिकन प्रवासकादंबरी वाचतात, तेव्हा रस्ता म्हणजे मुक्ती हा अर्थ त्यांना तयार मिळतो. त्यांच्यापैकी अनेकांना गाव सोडताना जात, नाव आणि बोली यांचे ओझे कसे बरोबर येते, हे स्वानुभवाने ठाऊक असते. तो अनुभव वर्गाबाहेर ठेवण्याचे कारण नाही. हकच्या शेजारी बसलेला जिम त्यांना इतरांहून लवकर दिसेल.

जेऊरच्या स्थानकावरून आजही दोन्ही दिशांना गाड्या जातात. त्यांतून कोणी शिक्षणास जातो, कोणी ऊसतोडीहून परततो, कोणी वारीस निघतो, आणि कधी दोन तरुण जीव मागे न पाहता डब्यात चढतात. तिकीट सर्वांना सारखेच मिळते. पोहोचण्याची हमी त्या तिकिटावर छापलेली नसते. ती ज्या समाजात गाडी थांबते त्याने द्यावयाची असते.